एक सूत वाकडी

"काका, तुमची प्लेइंग स्टाइल काय आहे?"

गेल्या रविवारी सकाळी साडेअकराला, खेळाच्या सामानाच्या दुकानात, विशी-बाविशीच्या एका पोराने मला हे विचारलं. मी पूल, म्हणजे तो टेबलावरचे बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ, खेळायची स्टिक घ्यायला गेलो होतो. स्टिक म्हणजे काठी. काठी घ्यायला गेलेल्या माणसाला पूर्वी 'केवढी देऊ?' एवढंच विचारत असावेत. हल्ली गादी घ्यायला गेलं तर कुठल्या कुशीवर झोपता विचारतात, बूट घ्यायला गेलं तर चालून दाखवायला लावतात. आता ही स्टाइल. माझी स्टाइल अशी आहे की मी बराच वेळ नेम धरतो, जीभ बाहेर काढतो आणि जो घालायचा नसतो नेमका तोच पांढरा बॉल पॉकेटमध्ये घालतो. पण हे सांगायचं कसं? मी म्हणालो, "मिक्स."

स्टिक घ्यायची वेळ का आली, तर आमच्याजवळच्या पूल पार्लरमध्ये शुक्रवारी मी भाच्याकडून सलग चार फ्रेम हरलो. स्टिक वाकडी होती. मी तसं सांगितलं. त्यावर गल्ल्यावरचा माणूस मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडं." भाचा हसला, त्याचं एक वेळ सोडा, तो जिंकला होता. पण शेजारच्या टेबलावरची चार अनोळखी पोरंही हसली. स्टिक खरंच वाकडी होती हो! त्या पार्लरमधल्या सगळ्याच स्टिका बारा महिने भिंतीला तिरक्या टेकवलेल्या असतात, पावसाळ्यात त्यांच्यामागच्या भिंतीला ओल येते, त्यांच्या टोकाची चामडी टिप कुत्र्याच्या छत्रीसारखी पसरलेली असते आणि टिपला घासायचा निळा चॉक एकच आहे, तोही सुतळीने बांधलेला. तासाचे दोनशे रुपये. ही म्हण ज्याने पहिल्यांदा काढली, तो माणूस नक्की अंगण भाड्याने देत असणार.

तर दुकान. पोराने काउंटरवर एकेक स्टिक काढून ठेवायला सुरुवात केली आणि बोलायलाही. पूल की स्नूकर? स्नूकरची स्टिक वेगळी, तिचं टोक नऊ-दहा मिलिमीटरचं, कारण बॉल लहान, साडेबावन्न मिलिमीटरचा. पुलाचा बॉल सत्तावन्नचा, म्हणून टोक जाड, तेरा मिलिमीटरच्या आसपास. वजन अठरापासून एकवीस औंसांपर्यंत, नवशिक्यांनी एकोणीस घ्यावं. टिप मऊ घेतली तर बॉलला फिरकी चांगली बसते, पण लवकर झिजते. कडक घेतली तर ब्रेकला, म्हणजे डाव फोडायच्या पहिल्या फटक्याला, जोर. हे सगळं तो मोबाइलवर पाहून पाठ केल्यासारखं म्हणत होता आणि मध्येच त्याने माझ्याकडे रोखून विचारलं, "काका, तुम्ही इंग्लिश मारता का?"

"सकाळी साडेअकराला?" मागून आवाज आला.

मागे एक आजोबा उभे होते. पंचाहत्तरीच्या पुढचे, डोक्याला माकडटोपी (बाहेर चौतीस डिग्री), हातात काठी, काठीचं खालचं लाकूड घासून पांढरं पडलेलं. ते काठीचा रबरी बूट घ्यायला आले होते. मेडिकलमध्ये मिळाला नाही, चपलांच्या दुकानात मिळाला नाही, म्हणून इथे. पोरगा त्यांनाही काकाच म्हणत होता. आमच्यात निदान तीस वर्षांचं अंतर आहे. हे मी विसरलेलो नाही.

इंग्लिश मारणं म्हणजे पांढऱ्या बॉलला मधोमध न मारता बाजूला मारून फिरकी देणं, असं पोराने समजावलं. डावीकडे मारलं की बॉल फिरतो खरा, पण जरासा उजवीकडे सरकूनही जातो आणि नेम चुकतो. स्टिकचं पुढचं टोक जितकं हलकं, तितकं हे सरकणं कमी. म्हणून कार्बन फायबरची स्टिक घ्या, अडतीस हजार फक्त. माझी पहिली स्कूटर याहून स्वस्त होती आणि ती उजवीकडे सरकायची तेव्हा निदान ब्रेक लावता यायचा.

"काय आहे काय हे?" आजोबांनी विचारलं.

"पुलाची स्टिक," मी म्हणालो.

"कुठल्या पुलाची?"

मी खेळाचं नाव सांगितलं. त्यांनी एक स्टिक उचलून उभी धरली, आपल्या छातीशी मापली. "अठ्ठावन्न इंच. चार फूट दहा. गुढीला कमी पडेल."

मी म्हणालो गुढीसाठी नको आहे. तेवढ्यात पोराने ती मधून पिळून दोन तुकडे करून दाखवली, आणि आजोबांचा चेहरा उजळला. "अरे, ही तर माळ्यावर ठेवायला उत्तम! आमच्याकडे दर वर्षी पाडव्याला बांबू शोधायला पार्किंगमध्ये जावं लागतं. लाकूड कुठलं?"

"मेपल, काका. इम्पोर्टेड."

"बाभळीची नाही येत?"

नाही येत म्हटल्यावर त्यांचा दुकानावरचा विश्वास थोडा कमी झाला. मग पोराने आपला हुकमी डाव टाकला. स्टिक सरळ आहे हे दाखवायला ती काचेच्या काउंटरवर आडवी ठेवून सोडून दिली. ती गडगडत डावीकडे गेली आणि कॅरमच्या पावडरच्या डब्यांवर जाऊन पडली. "बघा, किती स्मूथ!" दुसरी सोडली. तीही डब्यांवर. तिसरी त्याने मधेच पकडली.

"काउंटर उताराचा आहे तुझा," आजोबा म्हणाले. "उतारावर वरवंटासुद्धा स्मूथ जाईल. आण इकडे."

आणि मग त्यांनी जे केलं त्याने दुकानातली उरलेली सगळी विक्री थांबली. आपली काठी त्यांनी माझ्या हातात दिली. चष्मा कपाळावर चढवला, स्टिकचं जाड टोक डोळ्याला लावलं, बारीक टोक जमिनीकडे धरलं, एक डोळा मिटला आणि ती बंदुकीसारखी हळूहळू फिरवायला लागले. दुकानात शांतता. स्किपिंगची दोरी घ्यायला आलेली एक बाई आपल्या मुलाला घेऊन दोन पावलं मागे सरकली.

"ही एक सूत वाकडी आहे."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार आणि हे आजोबा सोडून हे माप आता कोणी वापरत असेल असं वाटत नाही. पोरगा म्हणाला, "काका, असं डोळ्याने नाही कळत."

"टेलिफोन खात्यात होतो मी. भोरपासून वेल्ह्यापर्यंत बत्तीस वर्षं खांब उभे केलेत. ते काय मी काउंटरवर गडगडवून बघत होतो? पुढची आण."

पुढची दीड सूत. तिच्या पुढची सरळ, पण 'सांध्यात हलते'. चौथी पोटात फुगलेली. मी हातात त्यांची काठी धरून उभा. काउंटरवर अकरा स्टिकांचा ढीग, शेवग्याच्या शेंगा निवडून टाकाव्यात तसा, आणि प्रत्येकीला नापास करताना आजोबांना जो आनंद होत होता तो बघून मला वाटलं की यांना निवृत्तीनंतर कोणी काही विचारलेलंच नाही.

खरं सांगायचं तर मलाही आनंद होत होता. शुक्रवारपासून मी एकच वाक्य बोलत होतो, 'स्टिक वाकडी होती', आणि घरात, ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये लोक मान हलवून गालातल्या गालात हसत होते. या माणसाला मी ते सांगितलं, तर त्याने फक्त विचारलं, "कुठल्या बाजूला?"

मधल्या वेळात आजोबांनी एक गोष्ट सांगितली. साठ-सत्तर सालच्या सुमाराला कँपातल्या एका क्लबात लाइन टाकायला ते गेले होते, तेव्हा त्यांनी हा खेळ पाहिला. हिरवं टेबल, वर शेड असलेले दिवे, आणि साहेब लोक चुकले की बॉल उचलून जागेवर ठेवणारा मार्कर. "सगळ्यात चांगला खेळायचा तो मार्कर. पण साहेब जेवायला गेल्यावर. आम्हाला शिडीवरून दिसायचं." पुढे काही नाही. पुन्हा स्टिक डोळ्याला.

मला यावरून आठवलं ते असं, की स्नूकर हा खेळच मुळी आपल्याकडचा. 1875 साली जबलपूरच्या छावणीत, पावसाळ्यात करायला काही नाही म्हणून, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने काढला. नंतर उटीच्या क्लबात त्याचे नियम टांगले. आणि 1958 साली कलकत्त्याला बिलियर्ड्सचं हौशी जगज्जेतेपद जिंकून कुठल्याही खेळातला पहिला भारतीय जगज्जेता ठरलेला विल्सन जोन्स जन्मला पुण्यात. बिलियर्ड्स-स्नूकरचा जगज्जेता पंकज अडवाणीही जन्माने पुण्याचा. मी सांगलीत जन्मलो. तिथेच माझा पहिला शॉट हुकला. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की ज्या देशात पावसाळ्याच्या कंटाळ्यातून अख्खा खेळ निघतो, त्या देशात दीडशे वर्षांनी पावसाळ्यात न वाकणारी एक भाड्याची काठी मिळू नये?

पोरगा आता टेकीला आला होता. "काका, एकदा स्टान्स घेऊन दाखवा, मी तुम्हाला बरोबर वजन सांगतो." मी काउंटरच्या पलीकडे बॉल आहे असं समजून वाकलो. हनुवटी स्टिकला लागायला हवी म्हणे. माझी हनुवटी आणि स्टिक यांच्यामध्ये पोट नावाचा तिसरा खेळाडू आला. कमरेत उसण भरली आणि मी वाकलेलाच राहिलो.

"आई, ते काका काय शोधतायत?" दोरीवाल्या मुलाने विचारलं.

"शू," ती म्हणाली. "त्यांचं काहीतरी पडलंय."

मी सरळ झालो तोवर आजोबा नऊ नंबरच्या स्टिकचं बूड तपासत होते. तिथे काळी रबरी टोपी होती, स्टिक जमिनीवर टेकली तर लागू नये म्हणून. त्यांनी ती उपसून काढली. आत लाकडात बसवलेला लोखंडी बोल्ट.

"हे बघ! हे बघ काय आहे!" दुकानाच्या दारापर्यंत ऐकू गेलं. "वजन भरायला आत खिळा घातलाय. मापात पाप!"

पोराने जीव तोडून सांगितलं की तो वजनाचाच बोल्ट असतो, तो बदलूनच औंस कमीजास्त करतात, जगभर असंच असतं. आजोबा ऐकेनात. त्यांच्या मते एकोणीस औंस म्हणजे अर्ध्या किलोवर थोडं, आणि अर्ध्या किलोची काठी अर्धा किलो लाकडाची पाहिजे. आतून मालक बाहेर आला. म्हणाला, "काका, तुम्हाला काय पाहिजे?" आम्ही दोघंही एकदम म्हणालो, "काठी," आणि मग आजोबांनी दुरुस्त केलं, "काठीचा बूट."

मी शेवटी तीच नऊ नंबरची घेतली. आजोबांच्या मते ती त्यातल्या त्यात सरळ होती, 'अर्धं सूत, पण खांबाला चालतं'. चार हजार दोनशे. मिक्स स्टाइलसाठी मीडियम टिप. मालकाने बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का दोनदा मारला. आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून बजावलं, "भिंतीला टेकवून ठेवू नका. आणि उन्हात गाडीत तर अजिबात नको." आपली काठी माझ्याकडून परत घेतली आणि ठकठक करत गेले. त्यांना बूट मिळालाच नव्हता, हे मला रिक्षात बसल्यावर सुचलं.

मंगळवारी मी माझी स्टिक घेऊन पार्लरमध्ये गेलो. खांद्याला लांबडी काळी बॅग अडकवून जिना चढताना कोणालाही आपण कोणीतरी आहोत असं वाटतं. गल्ल्यावरच्या माणसाने या वेळी मोबाइलमधून डोकं वर काढलं.

"बाहेरची स्टिक? पन्नास रुपये एक्स्ट्रा."

"कुठे लिहिलंय?"

त्याने ड्रॉवरमधून मार्कर काढला (तो नव्हे, लिहायचा), पुठ्ठ्यावर लिहिलं आणि काउंटरला टेकवलं. म्हणजे यांची काठी घ्यावी तर वाकडी, आपली आणावी तर दंड. सिनेमाला घरचे शेंगदाणे नेऊ देत नाहीत तसंच हे, फक्त तिथे निदान 'शेंगदाणे खाता येईनात' असं कोणी ऐकवत नाही. दिले पन्नास. एक फ्रेम जिंकलो, तीन हरलो. भाचा म्हणाला, "मामा, स्टिक मस्त आहे." या वाक्यातला 'स्टिक' हा शब्द त्याने जरा जोरात उच्चारला, असं मला अजून वाटतं.

पण खरी भानगड घरी येऊन कळली. स्टिक कोपऱ्यात उभी करताना फरशीवर 'ठण्' आवाज आला. उलटी करून बघितली तर बुडाला रबरी टोपी नाही, नुसता बोल्ट. पार्लरमध्ये फोन केला, तिथे काही पडलेलं नव्हतं. बॅग झटकली, चॉकची निळी भुकटी पडली. मग रविवार डोळ्यांपुढे आला. टोपी उपसणारा हात, 'मापात पाप', मालक, गडबड, बिल. ती परत कोणी बसवली, हे काही केल्या आठवेना.

काल संध्याकाळी ऑफिसमधून येताना दुकानात गेलो. पोरगा एकटाच होता. मी स्टिकचं बूड त्याच्यापुढे धरलं.

"हां, ते! ते काका आले होते ना परत सोमवारी," तो म्हणाला. "ते टोपण घेऊन. काठीला सैल होतंय म्हणाले. बदलून पाहिजे."

"मग?"

"मग काय, दिलं बदलून. दुसऱ्या स्टिकचं बसलं त्यांना एकदम फिट."

"आणि माझं?"

"ते त्या दुसऱ्या स्टिकला लावलं. ती विकली गेली, काका, आज दुपारी." त्याने ड्रॉवर उघडला, आत हात घालून चाचपलं, बंद केला. "तुम्हाला नवीन मागवून देतो. दीडशे होतील. साइझ काय आहे तुमची?"