दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: तो वास मोहाचा होता

नमस्कार ताई,

नाशिकजवळच्या आमच्या जंगलातल्या केबिनबद्दलचा तुमचा रिव्ह्यू मी दोनदा वाचला आणि मग बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, "निम्मं खरंय. ते आधी कबूल करा, मग बाकीचं बोला." पण मी क्रम जरा बदलतोय.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगतो. फोटोत हिरवंगार जंगल आणि प्रत्यक्षात नुसता पाचोळा. शेवटच्या रस्त्यावर गाडी खालून घासली. सकाळी गरम पाणी नाही, रात्री जेवण साडेनऊला, मोबाइलला रेंज नाही. कॅम्पफायरचे पैसे घेऊन शेकोटी पेटवली नाही, वर स्पीकर आठलाच बंद करायला लावला. आणि शेवटची ओळ: "पहाटे केबिनच्या मागे दारूचा वास येत होता, बॅटरी घेऊन कोणीतरी फिरत होतं. स्टाफ रात्री पीत असावा, फॅमिलीसाठी सेफ नाही."

सुरुवात या शेवटच्या ओळीपासून करतो. बाकीचं सगळं माझ्याबद्दल आहे, ही ओळ इथलं सगळं बघणाऱ्या आमच्या काकांबद्दल आहे.

तुम्ही उतरला होतात त्या तीन नंबरच्या केबिनमागे, बाथरूमच्या खिडकीपासून दहा-बारा पावलांवर मोहाचं झाड आहे. मार्च-एप्रिलमध्ये त्याची फुलं गळतात, तीही पहाटे, अंधार असतानाच. फूल म्हणजे पाकळ्यांचं नाजूक काही नसतं. करवंदाएवढं, फिकट पिवळं, रसानं टरारलेलं असतं. दोन बोटांत धरलं की चिकटतं. शे-दीडशे फुलं खाली पडून दबली की गोडसर आंबूस वास सुटतो. मोहाची दारू होते हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा तुमच्या नाकाचं फार चुकलं असंही म्हणत नाही. पण तो वास झाडाखालून येत होता. आणि बॅटरी घेऊन फिरत होत्या त्या काकू. गुरं यायच्या आत त्या टोपलीभर फुलं वेचतात, अंगणात वाळवतात, थोडी घरी भाजून खायला ठेवतात, बाकीची बाजारात देतात. वर्षातून महिनाभर मिळणारं हे उत्पन्न आहे.

काका माळकरी आहेत. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी त्र्यंबकला जातात. तुमचा रिव्ह्यू मी त्यांना सांगितलाच नव्हता, पण त्यांच्या पुतण्याने मोबाइलवर वाचून दाखवला. माझ्याशी ते त्यावर एक शब्द बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काकूंना उजाडल्याशिवाय त्या झाडाखाली जाऊ दिलेलं नाही, आणि तोवर निम्मी फुलं गुरांच्या पोटात गेलेली असतात. स्टार दोनच राहू द्या, एक केलात तरी चालेल. तेवढी एक ओळ मात्र काढा, ही विनंती.

आता माझं. तुमचा बुकिंगचा फोन आला तेव्हा मी त्र्यंबक नाक्यावर सिग्नलला होतो. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. जंगल आहे ना? आहे. गाडी दारापर्यंत येते ना? येते. गरम पाणी असतं ना? असतं. तिन्ही उत्तरं खरी होती आणि तिन्ही अर्धवट. वीस वर्षं सातपूरला कंपनीत काढली, तिथे असलं अर्धवट उत्तर मी कुणाकडून चालवून घेतलं नसतं.

जंगल आहे, पण ते सागाचं आणि ऐनाचं आहे. साग उन्हाळ्याच्या तोंडावर पानं टाकतो आणि पाऊस पडेपर्यंत खराट्यासारखा उभा राहतो. माझे फोटो श्रावणातले होते. मार्चमध्ये येणाऱ्या माणसाला श्रावणाचे फोटो दाखवणं ही फसवणूकच, मुद्दाम केली नसली तरी. आता प्रत्येक फोटोखाली महिना टाकलाय आणि मार्चचे बोडके फोटोही लावलेत. कुणी विचारलंच तर सांगतो: हिरवं हवं असेल तर जुलै ते सप्टेंबर या, पण मग कपडे दोन दिवस वाळणार नाहीत ही तयारी ठेवा. मला स्वतःला दिवाळीच्या आसपासचे दिवस आवडतात. भात कापणीला आलेला असतो, गवत सोनेरी झालेलं असतं आणि आभाळ स्वच्छ असतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिक शहरातच पारा दहाच्या खाली उतरतो, इथे लाकडी भिंतीतून गारठा आत येतो, तेव्हा कानटोपी आणा. काजव्यांसाठीही फोन येतात. त्यांना मी मेअखेरीस भंडारदऱ्याला जा म्हणून सांगतो. धंदा आपल्या जागी, पण तिथल्यासारखे काजवे माझ्याकडे नाहीत.

गरम पाण्याचं सरळ आहे. एक तांब्याचा बंब आणि चार केबिन. काका सहाला पेटवतात आणि एक नंबरपासून बादल्या भरत जातात. तुमची पाळी येईपर्यंत आठ वाजले आणि मुलाला गार पाण्याने आंघोळ करावी लागली. चूक आमची. तांबट लेनमधून दुसरा बंब आणलाय. तिथे दुकानदार हसून म्हणाला, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उड्या मारायच्या सोडून लोक जंगलात काय करायला जातात? मला उत्तर सुचलं नाही.

जेवणाचंही तसंच. दोघंजण चुलीवर वीस माणसांचं करत होते. आता सुट्टीच्या दिवशी पाड्यावरची आणखी एक बाई मदतीला येते.

शेकोटीबद्दल मात्र मी माघार घेणार नाही. त्या संध्याकाळी वारा होता, कुंपणाला लागून राखीव जंगल आहे आणि मधे घोटाभर वाळका पाचोळा. राखीव जंगलात आग लावायला १९२७ च्या वन कायद्याने बंदी आहेच, आणि आमची जमीन खाजगी असली तरी ठिणगीला सातबारा वाचता येत नाही. वणवा मी डोळ्यांनी पाहिलाय. ओल्या फांद्यांनी झोडपत रात्र काढावी लागते आणि सकाळी थुंकी काळी पडते. पण मग पॅकेजमध्ये 'कॅम्पफायर' लिहून ४०० रुपये का घेतले, हा तुमचा प्रश्न बिनतोड आहे. ते पैसे आज परत पाठवलेत. फेब्रुवारी ते मे तो शब्दच पॅकेजमधून काढून टाकलाय.

स्पीकरचं म्हणाल तर कायदा रात्री दहापासून लागू होतो, हे तुम्ही बरोबर लिहिलंय. आठ हा नियम आमचा. उताराखाली पाडा आहे, तिथली माणसं पहाटे चारला उठतात. आणि रेंज नाही ती नाहीच. समोरच्या टेकाडावर चढलात तर दोन कांड्या येतात. म्हणूनच यूपीआय चालत नाही, रोख रक्कम गिरणाऱ्यातच काढून आणा, हे आता बुकिंगच्या मेसेजमध्ये पहिल्या ओळीत असतं. रात्री एकटं बाहेर पडू नका असं काका म्हणाले, ते घाबरवायला नव्हे. बिबट्या या भागात आहे, आणि आमचं एक कुत्रं त्याने नेलंय.

राहिली गाडी. वाघेरा घाटापर्यंत डांबरी आहे, पुढे आत वळल्यावर अडीच किलोमीटर मुरूम आणि ओढ्यावर फरशी. उंच गाडीला काही होत नाही. तुमची सेडान, त्यात पाच माणसं आणि डिकी भरलेली. मी फोनवर गाडी कोणती तेवढं विचारायला हवं होतं. म्हणून खालच्या कामाचं बिल पाठवा, अर्धे पैसे देतो. पूर्ण देणार नाही, कारण ओढ्यापाशी काका हात करून "सगळे उतरा, गाडी रिकामी काढा" म्हणत होते आणि काच वर होती.