शॉकवेव्ह उपचार : एका वाचकाच्या आक्षेपांना उत्तर

उतारवयात लिंगाला येणाऱ्या शिथिलतेवर शॉकवेव्ह उपचार (यंत्राने बाहेरून दाबाच्या लहरी देणे) म्हणजे निव्वळ फसवणूक आहे, असे मी मूळ लेखात लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, याच लहरींनी मुतखडे फुटतात, आपल्या स्नेह्यांना उपचाराच्या सहा बैठकांत गुण आला, आणि गोळ्यांचा धंदा बुडेल या भीतीने डॉक्टर या उपचाराला नाके मुरडतात.

मुतखडा फोडताना (म्यूनिक येथे १९८० साली हे प्रथम साधले) लहरीचे काम तोडण्याचे असते. येथे ती पुष्कळ सौम्य ठेवतात आणि अपेक्षा उलट असते : ऊतींना सूक्ष्म ताण बसून नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात व रक्तपुरवठा सुधारावा. त्यामुळे एका ठिकाणचे यश दुसरीकडे पुरावा म्हणून चालत नाही.

आपल्या स्नेह्यांच्या अनुभवाबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती श्रेय कोणाला द्यायचे याची. इस्रायलमधील हैफा येथे योराम वार्डी व सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ६७ पुरुष होते. त्यांतील काहींवर खोटा उपचार झाला : तसाच जेल, दिसायला तसेच यंत्र, तोच टकटक आवाज, फक्त लहर आत जात नव्हती. लिंगाच्या ताठरतेविषयीच्या ३० गुणांच्या प्रश्नावलीत खऱ्या उपचाराने सरासरी ६.७ गुण वाढले, खोट्यानेही ३ वाढले. उरलेला फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही, हे मान्य करतो. मात्र २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, १२६ पुरुषांवरील डॅनिश चाचणीत खऱ्या-खोट्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली हा उपचार प्रायोगिक ठरवला, तो याच विसंगतीमुळे.

गोळ्यांच्या धंद्याविषयी एवढेच सांगतो की, सिल्डेनाफिल (शिथिलतेवरील नेहमीची गोळी) आपल्याकडे कितीतरी कंपन्या स्वस्तात विकतात. शिवाय हैफाच्या चाचणीत ज्यांना गोळी लागू पडत होती, असेच पुरुष घेतले होते.

खरा घोळ यंत्रांचा आहे. अनेक ठिकाणी ‘शॉकवेव्ह’ या नावाखाली रेडियल यंत्र वापरतात. त्यात दाबलेल्या हवेने नळीतला धातूचा छोटा गोळा पुढच्या टोकावर आपटतो, स्ट्रायकरने सोंगटी मारावी तसा, आणि निर्माण झालेला दाब त्वचेपाशीच सर्वाधिक असून खोल जाता जाता विरतो. हैफाचे यंत्र या प्रकारचे नव्हते; तेथले आकडे दाखवायचे आणि उपचार या यंत्राने करायचे, ही गोष्ट मला आजही अप्रामाणिक वाटते. आपल्या स्नेह्यांकडे कोणते यंत्र वापरले, हे त्यांना जरूर विचारावे.

‘वीर्यही सुधारते’ असे जे आपण ओघात लिहिले आहे, त्याला वरील चाचण्यांचा आधार नाही. त्या शिथिलतेसंबंधी होत्या, शुक्राणूंसंबंधी नव्हत्या. वयानुसार शुक्राणूंमध्ये होणारे बदल वृषणांतले असतात, आणि येथे लहर लिंगावर दिली जाते.

आपल्याला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, हे वाचून मात्र काळजी वाटली. लिंगातील रोहिण्या जेमतेम एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या असतात, हृदयाच्या तीन-चार. म्हणून रक्तवाहिन्यांचा विकार बरेचदा आधी इथे जाणवतो आणि छातीत नंतर. बैठकांचे पैसे भरण्यापूर्वी तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी करून घ्यावी आणि हृदयरोगतज्ज्ञांना ही तक्रार न संकोचता सांगावी.

मूळ लेखातील ‘निव्वळ फसवणूक’ हे शब्द काढून तेथे ‘अपुरा पुरावा’ असे आज केले आहे. रेडियल यंत्राविषयीचे वाक्य तसेच ठेवले आहे.