‘सांगलीत समुद्र आहे का?’ या प्रतिक्रियेला उत्तर

साहेब, स्कूबा डायव्हिंगला जाताना गेज आणि कॉम्प्युटर अंगावर कुठं लावायचा यावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. “सांगलीत समुद्र आहे का? नदीकाठी बसून गेज कुठं लावायचा ते शिकवताय, पोरं मरतील. कन्सोल पुरतो, मनगटावरचा कॉम्प्युटर म्हणजे शो-ऑफ.” असं लिहिलंय तुम्ही (कन्सोल म्हणजे होजच्या, रबरी नळीच्या, टोकाला लोंबणारा गेजचा डबा), आणि खाली ट्रान्समीटर (सिलिंडरमधला दाब कॉम्प्युटरला बिनतारी कळवणारा), होकायंत्रावर दोन ओळी. मत वेगळं असू दे की, पण ‘पोरं मरतील’ हे काय लिहिणं झालं? इथं कॉलेजची पोरं शंका विचारतात, त्यांचे आईवडीलपण वाचतात.

सांगलीत समुद्र नाही, मान्य. मी पोहायला शिकलो कृष्णेत, आयर्विन पुलाजवळ, आणि नोकरी केली साखर कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात, म्हणजे बॉयलरवरचे प्रेशर गेज उतरवायचे, तपासायचे, परत चढवायचे. तुमच्या कन्सोलमधला काट्याचा गेज उघडला तर आत बहुतेक तीच बोर्डन ट्यूब निघेल, वाकवलेली धातूची नळी, दाब वाढला की सरळ व्हायला बघते आणि काटा फिरवते. सिलिंडर उघडताना गेजची काच कुणाच्या तोंडाकडं धरायची नाही हे मला मालवणात इन्स्ट्रक्टरनं सांगायच्या कितीतरी आधी बॉयलर हाऊसमधल्या फोरमननी ओरडून शिकवलेलं. मग रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरून सिलिंडरची हवा घ्यायच्या यंत्रातून, चार श्वास घेऊन काट्याकडं बघायचं, श्वासागणिक काटा पडून परत वर येत असला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. हे सगळं लेखात होतं, तुम्ही तिथवर वाचलं नसेल तर तो माझा दोष नाही.

आणि सांगलीचंच म्हणताय तर ऐका. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर वर आहे, आणि डायव्हिंगच्या हिशोबात ३०० मीटरच्या वर गेलं की उंचीचा विचार करावा लागतो. मालवणात दोन डाइव्ह मारून त्याच दुपारी गगनबावड्याचा घाट चढणारा माणूस अंगात मुरलेला नायट्रोजन घेऊन वर चढत असतो, आणि वर हवेचा दाब कमी झाला की त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. भाड्याचा कन्सोल किनाऱ्यावर दुकानातच राहतो, त्यातला हिशोबपण तिथंच राहतो. माझ्या मनगटावरचा कॉम्प्युटर माझ्याबरोबर असतो, किती खोल किती वेळ होतो, अंगातला वायू अजून निघायचाय का, ते बघून मी मुक्काम करायचा की निघायचं ते ठरवतो. मालवणात राहणाऱ्यापेक्षा आम्हा घाटावरच्यांना त्याची गरज जास्त आहे. याला शो-ऑफ म्हणणाऱ्याशी मी काय बोलू?

एक तुमचं खरंय, पहिल्या-दुसऱ्या वेळी जाणाऱ्यानं स्वतःचं काही घेऊ नये, सेंटरवाले देतील तो कन्सोल चालतो. पण पुढं? वर येताना डावा हात बीसीडीच्या (हवा भरायच्या-सोडायच्या जॅकेटच्या) होजवर असतो, हवा सोडायला. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेगानं यायचं नाही, ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं, आणि त्याच वेळी तुम्ही मांडीखाली लोंबणारा कन्सोल उजव्या हातानं चाचपत बसणार, तो तोवर खडकावर आणि प्रवाळावर आपटत आलेला. उजव्या मनगटावर कॉम्प्युटर असला की हात समोर धरला आणि आकडा दिसला. पट्टा नको, बंजी (ताणणारी इलॅस्टिकची दोरी) घ्या, कारण खोलात वेटसूट, म्हणजे अंगावरचा रबरी पोशाख, दबतो आणि पट्टा सैल पडून कॉम्प्युटर फिरतो. प्रेशर गेज एकटाच, डाव्या बाजूनं होज खाली आणून कमरेच्या डी-रिंगला (धातूच्या कडीला) बोल्ट स्नॅपनं (खटक्याच्या हुकनं) अडकवायचा, आणि स्नॅप होजला दोरीनं बांधायचा म्हणजे अडकला तर सुरीनं कापता येतो. सिलिंडरमधल्या २०० बार दाबाचे ५० व्हायच्या आत पृष्ठभागावर यायचंय, तर तो काटा न शोधता हाताला लागला पाहिजे, माझा सगळा आग्रह एवढाच आहे.

ट्रान्समीटरचं म्हणाल तर बॅटरी संपते, म्हणून काट्याचा गेज सोबत ठेवा असं लेखातच आहे, परत लिहीत नाही. होकायंत्र स्टीलच्या सिलिंडरपासून आणि टॉर्चच्या चुंबकापासून लांब ठेवा, झालं.

तुमचा स्वतःचा सेटअप कसा आहे तो लिहा, होज कुठून कुठं नेलीय ते सांगा, मी नीट वाचून उत्तर देईन. फक्त खाली त्या मिरजेच्या मुलीला ‘तू गप बस’ लिहिलंय ते आधी काढा.