अकरा किलो उतरले, नऊ परत आले

बेळगावच्या टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावरच्या फेऱ्या संपवून आम्ही सहा जण संध्याकाळी ज्या कट्ट्यावर टेकतो, तेथे गेल्या आठवड्यात वाद पेटला तो उद्यमबागेत लेथवर काम करणाऱ्या आमच्या मित्राच्या कमरेच्या पट्ट्यावरून. दोन वर्षांपूर्वी वजन उतरले, तेव्हा त्याने कारखान्यातच ड्रिल मारून त्या पट्ट्याला तीन जादा भोके पाडली होती. आता ती तिन्ही रिकामी होती आणि बक्कल पुन्हा जुन्या, ताणून लांबट झालेल्या भोकात अडकले होते. भात, भाकरी आणि साखर पूर्ण बंद करून त्याने सहा महिन्यांत अकरा किलो उतरवले होते. घरच्या बारशाचा कुंदासुद्धा त्याने हात जोडून नाकारल्याचे आम्हाला आठवते. त्यांतले नऊ किलो परत आले आहेत.

"मनाचा निग्रह सुटला, दुसरे काय," असे आमच्यातले पैलवान म्हणाले, आणि मित्राने मान खाली घातली.

मला ते वाक्य मनापासून खटकले व मी तसे स्पष्ट बोललो. सहा महिने भाकरीकडे न पाहणाऱ्या माणसाला निग्रह नव्हता असे कोण म्हणेल? मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पन्नास लठ्ठ व्यक्तींना दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकांचा आहार दिला होता. वर्षभरानंतरही त्यांच्या रक्तात भूक चाळवणारे घ्रेलिन वाढलेले आणि पोट भरल्याची खबर मेंदूला देणारे लेप्टिन घटलेले आढळले. वजन उतरले की शरीर त्याला दुष्काळ समजते, भूक वाढवते आणि उष्मांकांचा खर्च आवरते. हा पहारा काही आठवड्यांत उठत नाही. आपल्या मित्राची लढाई अकरावा किलो उतरला त्या दिवशी संपली नव्हती, खरी लढाई त्या दिवशी सुरू झाली होती, आणि नेमक्या त्याच दिवशी आम्ही सर्वांनी त्याचे अभिनंदन करून विषय मिटवला होता.

शाळेतून निवृत्त झालेले आमचे सर म्हणाले की मुळात पद्धतच चुकली. काही वर्षांपूर्वी मराठी घराघरांत जो वाद रंगला होता, तो त्यांनी पुन्हा मांडला: डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात की दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवावे; ऋजुता दिवेकर सांगतात की आपल्या मातीतले, आजीच्या हातचे अन्न थोडे थोडे करून, तुपासह खावे. सरांचा कल दुसऱ्या बाजूला आहे, आमच्यातल्या वकिलांचा पहिल्या. दोघेही अर्धा तास हटले नाहीत.

माझ्या मते हा वाद चुकीच्या जागी लढला जातो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६०९ जणांपैकी निम्म्यांनी कमी स्निग्धांशाचा आणि निम्म्यांनी कमी पिष्टमय पदार्थांचा आहार वर्षभर घेतला. पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो घटले, दुसऱ्याचे ६ किलो, आणि हा फरक नगण्य ठरला. त्याउलट प्रत्येक गटाच्या आत काहींचे वजन पुष्कळ उतरले, तर काहींचे उलट वाढले. तेव्हा कोणती पद्धत श्रेष्ठ यापेक्षा, ही पद्धत माझ्या कामात, माझ्या घरात, चौथ्या वर्षीही टिकेल का, हे आधी विचारायला हवे.

मित्राने तेव्हा प्रथमच तोंड उघडले. त्याची पाळी बदलली होती. रात्री दोन वाजता कँटीनमध्ये उप्पीट, चित्रान्न किंवा पाव यांखेरीज काही मिळत नव्हते. महिनाभर तो शेंगदाण्यांवर राहिला, नंतर एका रात्री उप्पीट खाल्ले आणि नियम मोडलाच आहे तर मोडू दे, असे त्याला वाटले. सगळे किंवा काहीच नाही, अशा नियमाचे हेच दुखणे असते. तो एका ताटलीने मोडतो.

औषध दुकान चालवणाऱ्या मित्राने वजन उतरवण्यासाठी २०२५ पासून भारतातही मिळू लागलेल्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांचा विषय काढला. भूक खरोखर आवरते, हे त्याने मान्य केले. पण त्यांतले सेमाग्लुटाइड हे औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचे अभ्यासात दिसले आहे, हेही त्यानेच सांगितले. ज्याला डॉक्टरांनी ते लिहून दिले आहे, त्याने ते रक्तदाबाच्या गोळीसारखे दीर्घकाळचे औषध मानावे, असे त्याचे म्हणणे होते, आणि मला ते पटले. त्या इंजेक्शनाला आळशी माणसाची पळवाट म्हणणे अन्यायाचे आहे.

पैलवान बराच वेळ गप्प होते. मग ते म्हणाले की आखाडा सुटल्यावर त्यांच्या बैठका थांबल्या, खुराकाची सवय मात्र दहा वर्षे थांबली नाही, आणि त्यांचे स्वतःचे वीस किलो तेव्हा वाढले. हे त्यांनी आम्हाला पूर्वी कधी सांगितले नव्हते.

त्यानंतर बोलणे कामाचे झाले. ज्यांनी वजन उतरवून वर्षानुवर्षे राखले अशांची नोंद अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. त्यांच्यात आहार निरनिराळे असले, तरी बहुतेक जण रोज सुमारे तासभर चालतात किंवा व्यायाम करतात आणि नियमाने वजन पाहतात. म्हणून ठरले ते असे: रात्रपाळीला निघण्यापूर्वी घरीच दोन भाकऱ्या, उसळ आणि अंडी, सोबत ताक आणि फुटाणे, आणि नाइलाजाने उप्पीट खावे लागलेच, तर अर्धी ताटली, अपराधी न वाटता. दर सोमवारी औषध दुकानातल्या काट्यावर वजन, आणि दोन किलो वाढताच त्याच आठवड्यात आवर, नऊ किलोंची वाट न पाहता. वजनाबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून बैठका घालून घेण्याचे पैलवानांनी स्वतःहून पत्करले. त्यांचा आग्रह शंभर बैठकांचा आहे. मित्राचा उजवा गुडघा दुखतो, म्हणून मी वीसवर अडून आहे, आणि हा वाद अजून मिटलेला नाही.