हार्वर्डचा तो ‘खुनी प्रोफेसर’ आणि गेरूचा पुरावा

एक गोष्ट समाजमाध्यमांवर अधूनमधून उगवते. हार्वर्डमधली पुरातत्त्वाची हुशार विद्यार्थिनी, तिचे प्राध्यापकाशी संबंध, बोभाटा होण्याची भीती, मग दगडी हत्याराने खून, प्रेतावर प्राचीन विधीप्रमाणे शिंपडलेला लाल गेरू आणि शेवटी विद्यापीठाने दाबलेला तपास. गोष्ट झकास आहे, पण ती खोटी ठरल्याला काही वर्षं उलटून गेली तरी लोक तशीच पुढे ढकलतात.

आधी घडलं ते. 7 जानेवारी 1969. अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात हार्वर्डमध्ये पुरातत्त्व शिकणारी 23 वर्षांची जेन ब्रिटन सकाळी महत्त्वाच्या परीक्षेला आलीच नाही. दुपारी तिचा मित्र युनिव्हर्सिटी रोडवरच्या तिच्या घरी गेला, तेव्हा ती गादीवर पालथी पडलेली होती, डोक्यावर जबर घाव. अंगावर पांघरुणासारखा फरचा कोट होता आणि आसपास गेरूची पूड. आदल्याच वर्षी ती इराणमधल्या टेपे याह्याच्या उत्खननावर जाऊन आली होती.

आता दावे. सगळा डोलारा ज्यावर उभा आहे तो गेरूच आधी घेऊ. ‘गेरू म्हणजे अंत्यविधी, अंत्यविधी माहीत असणारा म्हणजे पुरातत्त्वज्ञ.’ अश्मयुगीन दफनांत गेरू सापडतो, हे खरं. पण गेरू म्हणजे शेवटी लोहाचं ऑक्साइड, जगभर मिळणारा रंग. जेन चित्रं काढायची, घराच्या भिंतींवर तिने प्राणी रंगवले होते. अशा घरात रंगाची पूड असायला विधी कशाला लागतो? ती नेमकी कशी सांडली याचं ठाम उत्तर आजही नाही, पण उत्तर नाही म्हणून विधी, हा कुठला न्याय?

आणि गेरू पाहून घाईने कथा रचण्यात खुद्द पुरातत्त्वच मागे नाही. 1823 मध्ये वेल्समधल्या पॅविलँडच्या गुहेत विल्यम बकलंड या भूगर्भशास्त्रज्ञाला गेरूने माखलेला सांगाडा मिळाला. त्याने तो रोमन काळातल्या बाईचा ठरवला. निघाला पुरुष, आणि तोही तीसेक हजार वर्षांपूर्वीचा. ‘पॅविलँडची लाल बाई’ हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. केंब्रिजमध्ये त्या आठवड्यात झालं ते याच जातीचं. पोलिसांना गेरूबद्दल विचारायला जवळचे जाणकार कोण, तर तिच्याच विभागातले लोक. त्यांनी त्यांना ठाऊक असलेला अर्थ सांगितला आणि वर्तमानपत्रांनी तो उचलला.

‘पुरातन दगडी हत्यार.’ हत्यार सापडलंच नाही. जे सापडलं नाही त्याचं वय सांगणं अवघड आहे.

‘दार फोडलं नव्हतं, म्हणजे ओळखीचाच.’ पोलिसांनी सुरुवातीला ओळखीच्यांनाच धारेवर धरलं, हे समजण्यासारखं आहे. पण जेन दार नेहमी लावून घेतेच असं नव्हतं, आणि शिवाय इमारतीला फायर एस्केप, म्हणजे आगीत निसटण्यासाठीचा बाहेरचा जिना, होता. याच युनिव्हर्सिटी रोडवर 1963 मध्ये बेव्हर्ली सेमन्सचा तिच्या राहत्या घरात खून झाला होता. ती ‘बोस्टन स्ट्रँगलर’च्या, म्हणजे साठच्या दशकात बोस्टन परिसरात बायकांचे खून करणाऱ्याच्या, बळींत मोजली जाते. एकट्या बाईच्या घरात परका माणूस शिरतो, हे त्या रस्त्याने आधीच पाहिलं होतं.

मग खुनी कोण? नोव्हेंबर 2018 मध्ये मिडलसेक्सच्या (केंब्रिज याच परगण्यात येतं) सरकारी वकील मॅरियन रायन यांनी ते जाहीर केलं. 1969 मध्ये जपून ठेवलेल्या नमुन्याचा डीएनए मायकेल सम्प्टर या माणसाकडे बोट दाखवत होता. तो 2001 मध्येच मेला होता, म्हणून त्याच्या भावाचा नमुना घेऊन ताळा केला. सम्प्टर बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा भोगलेला माणूस. बोस्टनमधल्या 1972 आणि 1973 च्या दोन स्त्रियांच्या खुनांतही त्याचा डीएनए त्याच्या मृत्यूनंतर जुळला होता. 1967 मध्ये तो जेनच्या घरापासून मैलभराच्या आत नोकरी करत होता. हार्वर्डशी, इराणशी, गेरूशी त्याचा काही संबंध नव्हता.

यावर हमखास येणारा शेरा: ‘मेलेल्या माणसावर ढकलणं सोपं.’ मेलेल्यावर खटला चालत नाही, हे कबूल. पण डीएनए कुणाच्या सोयीने जुळत नाही, आणि तीन प्रकरणांत तर नाहीच.

राहिला ‘दडपला’ हा आरोप. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो तग धरून आहे. खुनानंतर काही दिवसांतच केंब्रिजच्या पोलीसप्रमुखांनी बातम्यांवर बंदी घातली आणि पुढे कित्येक दशकं कागदपत्रं खुली झाली नाहीत. माहिती बंद झाली की अफवांना मोकळं रान मिळतं. पण गप्प बसणं पोलिसांचं होतं. विद्यापीठाने खुनी लपवला, असं त्यातून सिद्ध होत नाही. विद्यार्थिनींना त्या काळी विभागात दुय्यम वागणूक मिळायची, ही तक्रार वेगळी आणि गंभीर आहे. तिच्यासाठी प्राध्यापकाला खुनी ठरवायची गरज नाही. ज्याच्याकडे विद्यार्थ्यांच्या पिढ्या कुजबुजत बोट दाखवत राहिल्या, त्या प्राध्यापकावर या खुनाचा आरोप कधीच ठेवला गेला नव्हता, आणि तरीही तो संशय त्याच्या मानगुटीवर जवळपास पन्नास वर्षं बसून होता. पुढच्या वेळी ही गोष्ट तुमच्याकडे आली, तर तिच्यात सम्प्टरचं नाव आहे का एवढं बघा. माझ्याकडे आलेल्या एकाही आवृत्तीत ते नव्हतं.