दोन दिवसांचं काम म्हणे!

आज परत गॅरेजवाल्याने "फाल्यां यो", उद्या ये, म्हणून हाकललं आणि आता माझं डोकं खरंच सटकलंय. चवथीच्या आधी देतो म्हणालेला हा माणूस. चवथ गेली, नरकासुर जळला, तुळशीचं लग्नपण उरकलं, आणि आमची ७८ ची फियाट अजून फोंड्यात त्याच्या पत्र्याखाली पॉवर स्टिअरिंगच्या नादात डॅशबोर्ड उघडा टाकून उभी आहे.

हौस म्हणून नाही हो केलं हे. गाडी बाबांची, खांदा गेलाय त्यांचा तरी चालवायची सोडत नाहीत. मे महिन्यात रायबंदरला चोडणच्या फेरीबोटीत गाडी घालताना तो बोटीवरचा माणूस नेहमीसारखा डावीकडे मार, अजून मार, आता मागे घे करत बसला, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवता फिरवता बाबांचा हातच वर होईना, आणि मागून स्कूटरवाल्यांचे हॉर्न. तेव्हा ठरवलं, इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग घालूया, म्हणजे चाक फिरवायला मोटर हातभार लावते. सुझुकीने १९८८ मध्येच सर्व्हो नावाच्या चिमुकल्या गाडीत घातलेलं, म्हणजे काल-परवाचा शोध नाही हा. भंगारातून अल्टोचा मोटरवाला कॉलम, म्हणजे स्टिअरिंगच्या चाकाखालचा दांडा, आणला, हा गॅरेजवाला म्हणाला पात्रांव, म्हणजे साहेब, दोन दिवसांचं काम.

दोन दिवस!

अरे बाबा, जुन्या फियाटला गिअर स्टिअरिंगला असतो! गिअरचा दांडा कॉलमला चिकटून खाली जातो आणि मोटर नेमकी तिथेच येते, हे दार उघडल्यावर शेंबड्या पोरालापण दिसेल, याला दिसलं कधी तर कॉलम कापून झाल्यावर. मग जोडला कसा? खिडक्यांचे ग्रिल करणाऱ्या वेल्डरकडून. स्टिअरिंगचा शाफ्ट! आत आधाराची नळी (स्लीव्ह) नाही, खाचांत खाचा बसणारा स्प्लाइनवाला जॉइंट नाही, नुसतं टोकाला टोक लावून वेल्डिंग. अनमोड घाटात वळणावर ते तुटलं तर नुसतं चाक हातात घेऊन बसायचं का आम्ही? मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की बाजूचा चहावाला बघायला आला. परत कापलं, परत जोडलं, त्यात हॉर्नची वायर कुठे गेली देव जाणे, आता हॉर्न वाजत नाही. आमच्या गावच्या वळणांवर हॉर्नशिवाय गाडी घालून दाखवा कोणीतरी.

आणि एवढं करून चालतंय का? नाही! त्या अल्टोच्या कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या डब्याला, गाडीचा स्पीड कळायला सिग्नल लागतो, आमच्या मीटरला नुसती केबल, सिग्नल कुठून येणार. तो फॉल्टमध्ये जातो आणि मोटर बंद. बंद मोटर फिरवायचं जास्तीचं ओझं आपल्याच हातावर, म्हणजे स्टिअरिंग आधीपेक्षा जड! वर उभ्या गाडीत ती मोटर ३०-४० अँपिअर खेचते आणि बॅटरी चार्ज करणाऱ्या आमच्या जुन्या डायनामोला आयडलिंगवर चार्जिंगच नाही, म्हणजे फेरीबोटीवर जिथे गरज तिथेच बॅटरी खलास. हे आधी सांगायला काय जीभ झडली होती? अडतीस हजार घेतलेत.

त्यात ज्ञान देणारे. एक काका म्हणे २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षं झाली की विंटेजचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, तू २०२८ च्या आधीच वाट लावलीस. थँक्यू काका, फार बरं वाटलं.

सगळ्यात डोक्यात गेलं ते परवाचं. एक म्हातारा मेकॅनिक सहज आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, टायर कोणी बदलले? मूळचे ५.२०-१४ मापाचे बारीक, जुन्या पद्धतीचे क्रॉसप्लाय टायर, आम्ही चार वर्षांपूर्वी दिसायला भारी म्हणून रुंद रेडियल टाकले, जड तिथूनच झालं. शिवाय स्टिअरिंग बॉक्समध्ये तेलाचा थेंब नाही, स्टिअरिंगच्या जोडणीतला आयडलर आर्म सुकलेला. म्हणजे मूळ गाढव मीच.

उद्या सकाळी जातोय, जुना कॉलम परत मागायला. तो भंगारात विकला असेल ना, तर मग बघतोच त्याला.