झोळ

आमच्या गाडीचं नाव सांगत नाही. कंपनीने तिला कधीच टाकलंय, आता उगाच तिचं सासर काढण्यात अर्थ नाही. एवढं सांगतो की ती २७ वर्षांची आहे, लाल आहे, दोन दारांची आणि दोनच सीटची आहे, आणि दिवे लावले की बॉनेटमधून दोन डोळे वर येतात. म्हणजे यायचे. आता उजवा लगेच येतो, डावा विचार करून येतो. संध्याकाळी सोलापुरात नवी पेठेतून निघालो की समोरच्याला वाटतं, मी डोळा मारतोय.

पुण्याहून ती आणली त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येकाने एकदा तरी विचारलं, "मालक, बाकीची अर्धी कधी येणार?" आई तर तिला गाडी म्हणतच नाही. "ते लाल" म्हणते. "ते लाल जरा बाजूला घे, सडा घालायचाय." आजवर एकदाही त्यात बसली नाही. एवढ्या खाली बसायचं तर जमिनीवर सतरंजी काय वाईट, असं तिचं म्हणणं.

तर एप्रिलमधली गोष्ट. सात रस्त्याच्या सिग्नलला उभा होतो. जळका वास आला. सोलापुरात जळका वास आला की माणूस आधी आजूबाजूला बघतो, कुणीतरी कचरा पेटवलेला असतोच. मीही तसाच बघत होतो, तेवढ्यात शेजारचा स्कूटरवाला काच ठोकून म्हणाला, "मालक, तुमच्या बॉनेटमध्ये गोधडी जळायलीय."

गोधडीच होती ती. बॉनेटला आतून नमद्याचं एक जाड अस्तर असतं. इंजिनाचा आवाज दाबायला, आणि खालची धग बॉनेटच्या रंगापर्यंत जाऊ नये म्हणून. साध्या गाडीत इंजिन आणि बॉनेट यांच्यामध्ये चांगली वीतभर जागा असते. तिथे अस्तर लोंबलं तरी बिचारं लोंबत राहतं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण आमचीचं नाक खाली. नाक खाली म्हणूनच ती स्पोर्ट्स कार. मधली जागा दोन बोटं. अस्तराला दोन बोटं झोळ पडला की ते थेट फिरत्या पट्ट्यावर. पट्ट्याने त्याचा पिंजाऱ्यासारखा कापूस काढला होता आणि तो काळा कापूस गरम एक्झॉस्टवर बसून धुमसत होता.

गॅरेजवाल्या उस्तादांकडे नेली. त्यांनी बॉनेट उघडलं, बघितलं, लावलं. "काढून फेका की मालक. आवाज होईल जरा. होऊ द्या. आवाजासाठीच घेतली ना?"

मी म्हटलं, रंग जाईल हो बॉनेटचा. मागच्या वर्षी लाल मारून घेतलाय आणि तेवढ्या पैशात घरातल्या तीन खोल्या निघाल्या असत्या, हे मला घरात रोज ऐकवलं जातं.

त्यावर उस्तादांनी त्यांचा सिद्धांत सांगितला. हे अस्तर प्लास्टिकच्या क्लिपांवर का टांगतात? तर आग लागली की क्लिपा वितळाव्यात, अस्तर इंजिनावर पडावं आणि आग गुदमरावी. "पडणं हेच काम आहे त्याचं." खरंखोटं उस्ताद जाणोत, पण मग माझं अस्तर फारच कर्तव्यदक्ष म्हणायचं. आगीची वाटसुद्धा बघितली नाही त्याने.

क्लिपांचा विषय तीन वाक्यांत संपवतो. जुन्या क्लिपा इतकी वर्षं भाजून अशा झाल्या होत्या की बोटात धरली की कडक भाकरीसारखा कटकन तुकडा, आणि नव्या क्लिपा गावात मिळाल्या त्या एक तर भोकात शिरेनात, नाही तर शिरून खुशाल बाहेर येत. त्यासाठी मी पाच दुकानं फिरलो आणि पाचही ठिकाणी एकच प्रश्न ऐकला, "कुठल्या गाडीची?", आणि नाव सांगितल्यावर पाचही ठिकाणी एकच उत्तर ऐकलं. ते उत्तर म्हणजे नुसतं हसू होतं.

मग चपला चिकटवायचं सोल्यूशन. ही कल्पना माझी, त्यामुळे दोष कुणाला देता येत नाही. दोन्ही बाजूंना लावायचं, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्यायचं, मग दाबायचं. लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात बॉनेट डोक्यावर, मी खाली वाकलेला, आणि अस्तर दोन्ही हातांनी वर धरलेलं, गोवर्धन उचलल्यासारखा. गवळ्यांच्या काठ्यांच्या जागी आमचा मेहुणा. तो एका हाताने आधार देत होता, दुसऱ्या हाताने व्हिडिओ काढत होता. अर्ध्या तासाने सोडलं. राहिलं! पंधरा मिनिटं आम्ही दोघं नुसते वर बघत उभे होतो, हनुवटी वर करून, आकाशदर्शनाला आल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी मजेत चक्कर मारली. होटगी रोडने गेलो, आलो, गाडी दारात लावली, जेवलो. दुपारी बॉनेट उघडलं तर अस्तर इंजिनावर शांत पहुडलेलं, आणि वर-खाली सोल्यूशनच्या लांबच लांब तारा. दोनतारी पाक म्हणतात तो असाच. तेव्हा कळलं, की गाडी पळत असताना बॉनेटखाली जेवढी धग असते, त्याहून जास्त ती थांबल्यावर चढते. वारा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि लोखंडात साठलेली उष्णता सरळ वर जाते. त्यात बाहेर ४३ अंश. वरून सूर्य, खालून इंजिन. मधे चपलांचं सोल्यूशन. चपला बिचाऱ्या या हवेत टिकतात, कारण त्यांना इंजिन नसतं.

ते सगळं खरवडताना आणखी एक ज्ञान झालं. नमद्याच्या आत काचेच्या धाग्यांचा थर होता. हातभर काचेचे बारीक कण. खाजकुइली बरी. असे कण थंड पाण्याने नुसते धुऊन टाकायचे असतात, चोळायचे नसतात. हे मला टॉवेलने खसाखसा चोळल्यावर समजलं. तोही अस्सल सोलापुरी टर्किश टॉवेल; एकही कण वाया न घालवता सगळे कातडीत बसवले त्याने. आणि थंड पाण्याने धुणार कसं? आमच्याकडे नळाला पाणी यायचे दिवस ठरलेले असतात. बायको म्हणाली, "अहो, पाण्याचा दिवस परवा आहे. तोवर खाजवा."

मग सल्ले सुरू झाले. हे गाव कापडाचं आहे, हे मी विसरलो होतो. पहिली गिरणी १८७७ ची, तेव्हापासून इथल्या माणसाला कापडाबद्दल मत असतं. दुसऱ्या गावात गाडी बिघडली तर लोक इंजिनाबद्दल बोलतात. इथे लोंबणारं कापड दिसलं म्हटल्यावर गाडी बाजूलाच राहिली. मंडपवाला म्हणाला, कडेने बांधून छत कधी राहतं का, मधून दोरी घ्या. गादीवाला भली मोठी सुई घेऊनच आला. गादीला घालतात तसे टाके घालून देतो म्हणाला, बॉनेटच्या वरून गाठ मारू. वरून म्हणजे नव्या रंगातून. शिंप्याने अस्तर बोटांत धरून "अस्तर हलकं लावलंय" एवढंच म्हटलं आणि निघून गेला. मेहुण्याने सुचवलं, हे फेकून द्या आणि मस्त चादर लावा. सोलापुरी चादर, भौगोलिक मानांकनवाली, दोन्ही बाजूंनी नक्षी. सुती चादर इंजिनावर टांगायची म्हणजे वातच लावायची, हे मी सांगेपर्यंत आईच कडाडली. "पाहुण्यांना द्यायच्या चादरी आहेत त्या!" आगीपेक्षा तिला पाहुणे जास्त महत्त्वाचे वाटले, पण चादर वाचली.

समोरच्या कट्ट्यावर एक मामा बसतात. घरात तेलुगू, कट्ट्यावर मराठी. चाळीस वर्षं मागावर काढलेली. अकरा दिवस ते हा तमाशा बघत होते आणि एक अक्षर बोलले नव्हते. बाराव्या दिवशी उठून आले, लोंबणाऱ्या अस्तराला खालून एक टिचकी मारली आणि म्हणाले, "चिटकवताय कशाला ओ? ताण द्या की."

मग त्यांनी मागाची गोष्ट सांगितली. विणताना बाण्याचा धागा दोन्ही काठांना आत ओढतो, कापड आकसायला बघतं. म्हणून विणलेल्या भागावर एक आडवी काठी लावतात, तिच्या दोन्ही टोकांना अणकुच्या. त्या काठांत रुततात आणि काठी कापडाला आडवं ताणून धरते. विणत पुढे गेलं की काठी पुढे सरकवायची. "गोंद लावून कुणी विणतं का?"

त्यांनी बॉनेटच्या सांगाड्यावरून बोट फिरवलं. मधोमध एक कणा. कण्यापासून कडेपर्यंत पावणेदोन फूट. दोन्हीकडे पत्र्याचा दुमडलेला काठ. "इथं आणि इथं टोकं अडकतील. लवचीक काडी पाहिजे. लोखंडी. वाकवली की परत सरळ होणारी. जरा लांब घ्यायची, वाकवून बसवायची, मग ती अस्तराला आपोआप वर रेटते."

अशी काडी कुठे मिळणार? सायकलचा स्पोक आखूड. वेल्डिंगची सळी वाकली की वाकलीच. मामांनी आमच्या दारातून आत बघितलं. आत खुंटीवर वडिलांची छत्री होती. काळी, बाकदार लाकडी मुठीची, आठ काड्यांची. वडील गेले तेव्हापासून तिथेच. आणि सोलापुरात छत्री लागते कधी?

आई दुपारची झोपली होती.

पुढचा तासभर मी फार सुखात होतो. फाटलेल्या कडा एसीवाल्याकडच्या चंदेरी चिकटपट्टीने बंद केल्या. काड्या कानशीने घासून मापात आणल्या, टोकांना सायकलच्या रबरी व्हॉल्व्हट्यूबचे तुकडे चढवले. चार काड्या डावीकडे, चार उजवीकडे. मामा एकेक काडी धनुष्यासारखी वाकवत, टोक काठात सरकवत आणि सोडत. टक्क. टक्क. प्रत्येक टक्कबरोबर झोळ एकेक बोट वर. निसटलीच एखादी तर बॅटरीवर पडायला नको, म्हणून उस्तादांच्या सांगण्यावरून प्रत्येक काडी सांगाड्याच्या भोकातून बारीक तारेने बांधलीसुद्धा. शेवटी मामांनी परत टिचकी मारली. या वेळी हलगीसारखा आवाज आला. पैसे विचारले तर म्हणाले, "राहू द्या की. एक चक्कर मारा मला." मारली. पार्क चौकात दिवे लावायला लावले. उजवा डोळा आला, मग डावा आला. मामा लहान पोरासारखे हसले.

महिना झाला, अस्तर जागचं हललेलं नाही. उन्हात लावली, हायवेला नेली, उस्तादांनी स्वतः येऊन अस्तर ओढून बघितलं.

परवा दुपारी चार वाजता अंधारून आलं आणि वळवाचा पाऊस कोसळला. आई सिद्धेश्वराला निघाली होती. तिने खुंटीवरची छत्री काढली, दारात उभी राहून उघडली आणि सगळं काळं कापड तिच्या डोक्यावर बदकन पडलं. समोर कट्ट्याच्या आडोशाला बसलेले मामा एकदम दुसरीकडे बघायला लागले.

कापडाच्या आतून आवाज आला, "काड्या कुठायत ह्याच्या?"

मी सांगितलं. सगळं, मागाच्या गोष्टीसकट. आईने छत्रीचं कापड डोक्यावरून काढलं, घडी घातली, काखेत मारली आणि पदर खोचला.

"दार उघड त्या लालचं," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याची छत्री आहे त्यात."